कमी असू शकतं

हिस्के डोटिंगाला आडनावानं ओळखणारा माणूस फ्रीसलंड या डच प्रांताच्या त्या टापूत क्वचितच सापडला असता. ‘प्लास्टरवाली हिस्के’ म्हटलं की पुरे. एकही हाड मोडलेलं नाही असं घर तिथं औषधालाही नव्हतं. कुणी गवताच्या गंजीवरून पडलेला असे, कुणाला गाईनं लाथ हाणलेली असे, तर कुणी लांब काठीवर चढून कालवा ओलांडायला गेलेला असे आणि काठी चिखलात रुतून तो अलीकडच्याच काठावर आपटलेला असे. काठीची ही उडी म्हणजे तिथला खेळच, त्यामुळे त्यात मोडलेल्या घोट्याबद्दल कुणी हळहळत नाही. उलट उडी किती लांब गेली ते आधी विचारतात.

तालुक्याच्या गावी कालव्याकाठी दुमजली रुग्णालय होतं. तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारची खोली हिस्केची. हाड जागेवर बसवायचं डॉक्टरांनी आणि ते तिथंच राहील असं बांधायचं तिनं, अशी कामाची वाटणी होती. हुद्द्याचं नाव होतं प्लास्टरमास्तर. बाई असली तरी मास्तरच. रीतसर शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन मिळवलेला हुद्दा होता तो आणि कुणी तिला चुकून ‘सिस्टर’ म्हटलं तर ती ऐकूच न आल्यासारखं करायची.

तिच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोमट पाण्यात पट्टी सोडायची, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, हलकेच पिळायची आणि हातावरून नुसती लोळवत न्यायची. ओढायची नाही, कारण ओढलेली पट्टी सुकताना आवळते. आत कापसाचे दोन थर, कोपराच्या टोकावर तिसरा. वरून फिरवायचा तो तळहात, बोटांची टोकं कधीच नाही. बोटाचा एक खळगा पडला तरी आत तो कातडीला टोचत राहतो. ओल्या प्लास्टरला आपोआप ऊब येते. ती उतरेपर्यंत हिस्के तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून बसायची, आणि सुकल्यावर जे दिसायचं ते अंड्यासारखं गुळगुळीत असायचं. लोक ते कॉफीच्या टेबलावर ठेवून पाहुण्यांना दाखवायचे.

दुःख एकच होतं. ताजं मोडलेलं हाड पहिले काही दिवस सुजतं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आणि त्यांना धरून बोटं चालवणारे स्नायू असतात, आणि त्या स्नायूंभोवती एक घट्ट वेष्टन असतं, ते काही केल्या ताणत नाही. आत सूज वाढली आणि बाहेरून प्लास्टरही आवळून बसलं की आतल्या आत रक्ताची वाट बंद होते. म्हणून ताजं प्लास्टर पूर्ण झालं की ते टोकापासून टोकापर्यंत उभं चिरायचं, जरासं फाकवायचं, वरून साधी पट्टी गुंडाळायची आणि सूज उतरली की मग नवं अखंड बांधायचं, असा नियम होता. नियम बरोबर होता. हिस्के तो पाळायची आणि नव्या कपड्याला कात्री लावावी तशा चेहऱ्यानं पाळायची.

आता तिथल्या लोकांच्या बोलण्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. फ्रीसलंडची माणसं कौतुकाला फार कंजूष. सूप मनापासून आवडलं की ती म्हणतात, ‘कमी असू शकतं.’ म्हणजे याहून हिणकस सूपही जगात असतं, त्या मानानं हे चांगलंच आहे. पहिलं बक्षीस मिळवणारा घोडा असो, मुलीचं लग्न असो की वाटाण्याएवढाही ढग नसलेला रविवार असो, वर्णन एकच: कमी असू शकतं. याहून मोठी स्तुती त्यांच्या बोलीत नाही, आणि असली तरी ती वापरायला त्यांना लाज वाटेल. हिस्केचा नवरा फोल्कर्ट या बाबतीत सगळ्यांचा आजा होता. दुभत्या गाईंचा गोठा सांभाळणारा, रुंद खांद्यांचा, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा माणूस. लग्नाआधी गोठलेल्या कालव्यावर तो तिला हात धरून स्केट्सवर तीन गावं फिरवून आणायचा, आणि एकदा परतल्यावर तिनं ‘कसं वाटलं’ विचारलं तेव्हा तो जे म्हणाला होता ते वाचकांनी ओळखलंच असेल. तिला ते पुरलं. त्याच भाषेत ती वाढली होती.

हाडांचे डॉक्टर लेन्सिंक मात्र बाहेरचे, देशाच्या पूर्वेकडून आलेले. पहिल्याच महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, दुखणं कसं आहे. म्हातारा खुशीत म्हणाला, “कमी असू शकतं.” डॉक्टरांनी त्याचा साधा सरळ अर्थ घेतला आणि वेदनेचं औषध वाढवलं. म्हातारा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत घोरत राहिला आणि त्याची बायको विचारायला आली, की माझ्या माणसानं तुमचं कौतुक केलं त्याची ही शिक्षा का. सगळं रुग्णालय हसलं. हिस्केनं डॉक्टरांना बाजूला घेऊन समजावलं, की आमच्याकडे याचा अर्थ छान आहे असा होतो, तुम्ही आपलं बरं म्हणायचं आणि पुढं जायचं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं ते मनावर घेतलं, आणि पुढं कुणी तसं म्हणालं की तोही पटाईतासारखा मान डोलवायला लागला.

मग तो हिवाळा आला. तळी गोठली, मग कालवे गोठले, आणि बर्फ माणसं पेलण्याइतका जाड झाल्याची बातमी आली त्या सकाळी शाळांनी स्वतःहून सुट्टी दिली. अशा दिवसांत तिथं कुणी कामावर गेलं तर लोक त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. दहा-दहा वर्षं माळ्यावर पडलेले स्केट्स खाली आले, त्यांबरोबर दहा-दहा वर्षं वय वाढलेली माणसंही बर्फावर आली, आणि पडताना सगळ्यांनी जे करायचं तेच केलं, हात पुढं टेकवला. दुपार व्हायच्या आत प्लास्टरच्या खोलीबाहेरचा बोळ मनगटांनी भरला. जेवणाच्या काट्यासारखी वाकलेली मनगटं मांडीवर घेऊन लोक बाकांवर बसले होते, बर्फ कुठं चांगला आहे आणि कुठं भेगा आहेत यावर वाद घालत होते. विव्हळत कुणीच नव्हतं. हिस्के एकामागून एक हात बांधत होती आणि बांधलेला प्रत्येक हात चिरत होती.

त्याच गर्दीत शेजारचा गोसे फोल्कर्टला घेऊन आला. स्केटचं पातं भेगेत अडकलं होतं आणि फोल्कर्ट डाव्या हातावर आपल्या सगळ्या वजनानिशी आला होता. एक्स-रेत कोपर आणि मनगट यांमधली दोन्ही हाडं तडकलेली दिसली, पण ती जागची फारशी हललेली नव्हती. डॉ. लेन्सिंक म्हणाले की ऑपरेशन नको, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर करा आणि उभं चिरा. ‘चिरा’ हे ते मुद्दाम म्हणाले, आणि हिस्केनं मुद्दाम ऐकलंही.

तिनं नवऱ्याचा हात बांधायला घेतला. इतरांना लागतो त्याहून जास्त वेळ घेतला. सुकेपर्यंत दोन्ही तळव्यांत धरला, आणि घरच्या माणसाचा हात असा चार लोकांदेखत धरून बसायची वेळ बऱ्याच वर्षांनी आली म्हणून दोघंही दुसरीकडे बघत राहिली. मग तिनं चिरायची करवत उचलली.

“राहू दे,” फोल्कर्ट म्हणाला. “गोठ्यात घाण पाणी आत जाईल.”

“गोठ्यात तू जाणारच नाहीस. गोसे बघेल धारांचं.”

“लोकांना अंड्यासारखं देतेस आणि नवऱ्याला फुटकं होय?”

एवढं लांब वाक्य फोल्कर्ट सहसा बोलत नसे, आणि थट्टेनं तर कधीच नाही. हिस्केला हसू आलं. हातातलं काम खरंच सुरेख झालं होतं. तिनं मनाशी म्हटलं, माणूस घरचाच आहे, उद्या सकाळी न्याहारीच्या आधी घरीच चिरते. दिवसभरात परक्यांची सगळी प्लास्टरं तिनं नियमानं चिरली आणि आपल्या माणसाचं तेवढं अखंड ठेवून घरी पाठवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही वेगळा नसतो.

दुपारच्या कॉफीच्या सुमारास बोळ जरा ओसरला तेव्हा तिनं घरी फोन लावला. फोल्कर्टनं तो बऱ्याच वेळानं उचलला. तिनं विचारलं, कसं आहे.

“कमी असू शकतं,” फोल्कर्ट म्हणाला.

“बरं. हात उशीवर उंच ठेव. बोटं हलवत राहा.”

“हं.”

फोन ठेवताना तिला बरं वाटलं. डॉ. लेन्सिंक जाता जाता थांबले आणि तुमच्या मिस्टरांचं कसं आहे म्हणाले. तिनं नवऱ्याचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर हसले, म्हणाले, “म्हणजे छान आहे,” आणि ऑपरेशनच्या खोलीकडे गेले. शिष्य तयार झाला होता. हिस्केनं पुढचं मनगट घेतलं.

ती घरी पोचली तेव्हा गोठ्यात दिवा होता, गोसे धारा काढत होता. फोल्कर्ट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. अंगावर अजून बाहेरचा कोट, एकच बाही घातलेली. समोर कॉफी तशीच. हात उशीवर, तिनं सांगितलं होतं तसा उंच. बोटं प्लास्टरमधून बाहेर आलेली, सुजून चकचकीत झालेली, फिकट आणि जरा आत वळलेली. चेहऱ्याचा रंग राखेसारखा.

तिनं त्याचं मधलं बोट धरलं आणि अगदी थोडं सरळ केलं. फोल्कर्टच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनं आजवर कधी ऐकला नव्हता. गाईनं छातीची बरगडी मोडली तेव्हा नाही, आई गेली तेव्हा नाही. बोट सरळ करून पाहायची ही खूण ती शिकाऊ परिचारिकांना दर वर्षी शिकवायची. मोडलेल्या जागी दुखणं वेगळं आणि लांबचं बोट ताणल्यावर जीव जाणं वेगळं. दुसरं दिसलं की थांबायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, आधी प्लास्टर फोडायचं.

घरात करवत नव्हती. तिनं गोठ्यातून गाईंचे खूर कापायची लांब दांड्यांची पकड आणली. गोसे हातातलं काम टाकून मागोमाग आला. प्लास्टरवर कोमट पाण्यात कालवलेलं व्हिनेगर ओतून तिनं ते मऊ केलं आणि तळहातापासून वर कातरत गेली. गोसेनं खांदा धरला होता. ते अंड्यासारखं प्लास्टर दोन तुकड्यांत टेबलावर पडलं. आतला कापूसही तिनं कातडीपर्यंत चिरला, कारण तोही सुजलेल्या हातावर दोरीसारखा आवळला होता. फोल्कर्टच्या बोटांना जरासा रंग आला. जरासाच. मग गोसेनं गाडी काढली आणि निसरड्या रस्त्यानं, जमेल तेवढ्या वेगानं ते रुग्णालयात परतले.

त्या संध्याकाळी डॉ. लेन्सिंकनी फोल्कर्टचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला, वेष्टन कापून स्नायूंना मोकळं केलं. बाहेर येऊन त्यांनी हिस्केला खरं ते सांगितलं. लाल दिसायला हवे होते ते स्नायू काही ठिकाणी करडे पडले होते. काही वाचतील, काही गेले. हात राहील, पण बोटं उघडायचं काम पूर्वीसारखं होणार नाही. ती म्हणाली, “चिरायला तुम्ही सांगितलं होतं.” डॉक्टर म्हणाले, “दुपारी बोळात तुमच्याशी बोलून मीही पुढं निघून गेलो.”

हात बरा झाला तो असा: चारही बोटं तळव्याकडे वळलेली. मनगट खाली वाकवलं की ती किंचित उघडायची, वर उचललं की मिटायची. मेलेला स्नायू आखडून दोरी होतो आणि दोरी वाढत नाही. दुसऱ्या हातानं दांडा त्यात घालून दिला तर फोल्कर्टला गवत उचलायचा काटा धरता येई, बादली उचलता येई. धारांना यंत्र होतंच. येत नव्हतं ते एवढंच, की तो हात कुठं सपाट ठेवता यावा: टेबलावर, वासराच्या पाठीवर किंवा बायकोच्या. गावानं निकाल देऊन टाकला की दोष बर्फाचा, आणि विषय संपवला.

रुग्णालयाला तो तसा संपवता येत नव्हता. बाहेरच्या तीन माणसांची समिती नेमली गेली. हिस्केनं तिथं एकही सबब सांगितली नाही. सांगितलेलं होतं, नियम ठाऊक होता, चिरलं नाही. समितीला अडचण पडली ती फोनची. दुपारी रुग्णाची विचारपूस झाली होती आणि रुग्णानं एक उत्तर दिलं होतं. त्या उत्तराचा अर्थ काय धरायचा? सरळ वाचलं तर माणूस म्हणत होता की दुखणं कमी व्हायला हवं. तिथल्या रीतीनं वाचलं तर तो मजेत होता. समितीवरच्या बाईंनी शेवटी फोल्कर्टलाच विचारलं, की तुम्हाला काय म्हणायचं होतं.

फोल्कर्टनं आपल्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग तो आपली बोली सोडून सरकारी डच भाषेत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, “बरं आहे, असं म्हणालो. आमच्यात त्याचा तोच अर्थ होतो. दुखायला लागलं ते नंतर.”

त्या उत्तरानं हिस्के वाचली. तिला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. ती कामावर परत गेली आणि पूर्वीपेक्षा कमी बोलायला लागली. प्लास्टर पुरतं सुकायच्या आत तिची करवत सुरू व्हायची, रुग्ण पाटील असो की पाद्री, कुणाची थट्टा ती ऐकून घेईना. कसं आहे, हा प्रश्न तिनं सोडूनच दिला. नुसतं बोट धरायची, सरळ करायची आणि तोंडाकडे बघायची. नवीन लोक म्हणायचे, बाई जरा उर्मट आहे. असेलही.

तिचं मन मात्र फोल्कर्टच्या त्या ‘नंतर’पाशी अडकलं होतं. दुखायला खरंच फोननंतर लागलं असेल, तर तिची चूक एकच होती, सकाळची. आणि आधीपासून दुखत असेल, तर दुपारी तो माणूस तिच्या कानाशी होता, स्नायू अजून लाल होते, घर गाडीनं फार लांब नव्हतं. यातलं खरं काय ते सांगणारा माणूस रोज तिच्यासमोर बसून सूप पीत होता. तिनं विचारलं नाही. हिवाळा गेला, गाई कुरणात गेल्या, गवताची पहिली कापणी झाली, तरी विचारलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, याची तिला भीती वाटत होती.

रोज सकाळी ती त्याचा हात कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची आणि ऊब लागली की एकेक बोट हलक्या हातानं ताणायची. व्यायाम शिकवणाऱ्यानं तसं सांगितलं होतं. फायदा किती होतो याबद्दल दोघांनाही शंका होती, पण दोघंही ते चुकवत नव्हती. अशाच एका सकाळी, करंगळी झाल्यावर, तिनं पाण्याकडे बघतच विचारलं.

“मी फोन केला तेव्हा दुखत होतं?”

फोल्कर्टही पाण्याकडेच बघत होता.

“जीव जाईल असं.”

तिनं त्याचा हात पाण्यातून काढला नाही. “समितीला तर नंतर म्हणालास.”

“त्यांना काय करायचंय.”

“मग तेव्हा मला का नाही सांगितलंस?”

त्यानं प्रथमच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं.

“सांगितलं की तुला,” फोल्कर्ट म्हणाला.